रुळवण्याचे दिवस

मीटरवर आज ३१२ किलोमीटर. हँडलला बांधलेल्या झेंडूचा पार भुगा झालाय, पण हार काढवत नाही.

सकाळी सासवडला जाऊन आलो. दिवे घाटात गाडीला कुठे ताण द्यायचा नाही, गिअर वेळेत खाली घ्यायचा. वरच्या गिअरमध्ये कण्हत चढवण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये मोकळं पळू दिलेलं बरं, हे मेस्त्रीकाकांनी दोनदा बजावलं होतं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ओढलेल्या असतात. त्यांत ऑइल धरून राहतं आणि पिस्टनच्या रिंगा त्या खरबरीतपणावर घासून हळूहळू नेमक्या बसतात. एकाच वेगाने मैलोन्‌मैल गेलं, तर हे नीट होत नाही. म्हणून हायवे टाळतोय. गावांमधून, वळणांवरून, कमी-जास्त वेगाने.

पहिल्या दिवशी ब्रेक लाकडी वाटत होते. आता धरू लागलेत. टायरची चकाकीही गेली, तोवर वळणावर जपून होतो.

घाटमाथ्यावर थांबलो. खाली मस्तानी तलाव, आणि तापलेल्या इंजिनातून येणारी बारीक टिक-टिक. सायलेन्सरचा नवा, करपट वास. पाच मिनिटं नुसता ऐकत उभा राहिलो.

५०० किलोमीटरला पहिली सर्व्हिसिंग. त्या ऑइलमध्ये धातूची बारीक चमचम दिसते म्हणे. काकांना सांगून ठेवलंय, ऑइल मी आल्याशिवाय सोडायचं नाही.