आईचे जोर

पुश-अप हा शब्द आमच्या गावात टीव्हीबरोबर आला. त्याआधी होते ते जोर. बैठका मांड्यांसाठी, जोर छाती-खांद्यांसाठी, दोन्ही मिळून जोरबैठका. पुश-अपमध्ये अंग फळीसारखं ताठ ठेवून खाली-वर करतात. जोराचं तसं नाही. हात-पाय भुईवर, कंबर वर उचललेली, डोकं दोन दंडांच्या मध्ये. तिथून छाती भुईलगत पुढे सरकवत न्यायची, नागाने फणा काढावा तशी वर घ्यायची आणि कंबर उचलून पुन्हा मागे. मांजर आळस देतं ते बघा, जवळपास तेच. फक्त मांजर एकदाच देतं.

आमचं गाव डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या काठी. आता तिथे गाव शोधावं लागतं. मारुतीचं देऊळ, त्यामागचा पिंपळ आणि आमच्यासारखी पाच-पंचवीस घरं. बाकी चारी बाजूंनी बिल्डिंगा. पण मी १९७५-७६ सालातलं सांगतोय. तेव्हा देवळाच्या मागे कुडाची एक खोली होती, तिला तालीम म्हणत. आत हौद, हौदात तांबडी माती. मातीत तेल, ताक, हळद पडे. कुडाला खाशाबा जाधवांचा पेपरातून कापलेला फोटो चिकटवलेला, त्यांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं ब्राँझ पदक आणलं म्हणून. फोटो इतका पिवळा पडला होता की खाशाबा कुठले आणि डाग कुठला ते ठरवावं लागे.

माझे थोरले काका तिथले वस्ताद. दिवसा ते रेतीच्या होडीवर डुबी मारत. ज्यांनी ते काम पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. खाडीत होडी उभी करायची, तळात बांबू रोवायचा. डुबीवाला छाती भरून दम घेतो, बांबू धरून खाली जातो, गढूळ काळोखात चाचपडत बादलीत रेती भरतो आणि वर येतो. वरचा गडी दोराने बादली खेचतो. होडी भरेपर्यंत हेच, ओहोटी-भरतीच्या हिशेबाने. मुंबई-ठाण्याच्या कितीतरी इमारतींतली रेती अशी माणसांच्या दमावर वर आलेली आहे. पुढे सक्शन पंप आले, मग कोर्टाची बंदी आली, होड्या चिखलात कुजल्या. काकांचे कान पाण्याच्या दाबाने गेले होते, म्हणून ते ओरडून बोलत. तालमीत त्याचा फायदाच व्हायचा.

"छाती भुईला लागाची नाय! भुईचा फकस्त वास घ्याचा!"

मोजायला चिंचोके. डाव्या हाताशी ढीग, एक जोर झाला की एक चिंचोका उजवीकडे. आणि वाढ ठरलेली: पुनवेला एक, अवसेला एक. मधेच अंगात आलं म्हणून कुणी दोन जादा मारले तर काकांना खपत नसे. "आज जादा मारतस, उद्या येनार नायस," असं ते म्हणत, आणि तसंच होई. गावाबाहेरचे पैलवान गामाच्या गोष्टी सांगत, रोजचे म्हणे तीन हजार जोर आणि पाच हजार बैठका. काका ऐकून घेत आणि म्हणत, त्याला भात लावायचा नसेल. पण हिशेब करून बघा. वर्षाला चोवीस वाढतात. पाचापासून सुरू केलेलं पोरगं दोन वर्षांत पन्नाशीपार जातं, आणि कुठल्याच दिवशी त्याला कालच्यापेक्षा फार काही केल्यासारखं वाटत नाही. एवढी सोपी आणि एवढी चिवट युक्ती मी नंतर कुठल्या पुस्तकात वाचली नाही.

मी अठ्ठ्याहत्तरपर्यंत पोचलो. मग ठाण्याला नोकरी लागली. पहाटेची लोकल, संध्याकाळची लोकल, दारातल्या दांड्याला लोंबकळणं हाच तेवढा हातांचा व्यायाम. तालीम एका पावसाळ्यात बसली, ती पुन्हा कुणी उभी केली नाही.

या सगळ्यात आई कुठे नव्हती. तालमीत बायकांनी पाय ठेवायचा नाही हे कुणी सांगावंही लागत नसे. पण आज आठवायला बसलो की घरातले सगळ्यात जोरकस हात तिचेच दिसतात. उखळात मुसळ तिचं. विहिरीचा पोहरा तिने ओढायचा, डोईवर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन तिने चालायचं. खारीतल्या शेताचा बांध उधाणाला फुटला की बापयांच्या बरोबरीने चिखलाचे गोळे फेकायला ती. भाताचे भारे डोकीवरून खळ्यात. आणि रोज सकाळी तांदळाच्या पिठाची उकड. ज्याने ती गरमागरम उकड तळव्याच्या मुळाने मळली आहे त्यालाच कळेल की भाकरी मऊ होते ती खांद्यातून. ओहोटीला निवट्या, चिंबोऱ्या मिळाल्या तर पाटी घेऊन स्टेशनबाहेर बसायची तीच. तिच्या या सगळ्याला कुणी व्यायाम म्हटलं नाही. ते काम होतं. काम संपलं तेव्हा, म्हणजे शेत गेलं, मिक्सर आला, नळ आला तेव्हा, तिचे हातही हळूहळू वाळत गेले आणि घरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

२०१६ च्या जूनमध्ये, पहिल्या पावसात, मागच्या दारी शेवाळावरून तिचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. वय एकोणऐंशी. ऑपरेशन झालं, सळई बसली, दहाव्या दिवशी घरी आणली. वजन केलं तेव्हा बेचाळीस किलो भरली होती.

बेचाळीस किलो म्हणजे काही नव्हे, असं वाटतं. सिमेंटची गोणी पन्नासाची असते. पण माणूस गोणीसारखा अंग चोरून बसत नाही. पलंगावर खाली घसरलेल्या आईला वर सरकवायचं, कुशीवर वळवायचं, एका हाताने तोलून धरून दुसऱ्या हाताने चादर काढायची, हे दिवसातून सहा-सात वेळा. पहिल्या दिवशी माझे हात असे थरथरले की तिनेच विचारलं, "बाला, थंडी वाजते का?" कामाला बाई ठेवावी असं घरात निघालं. आई काहीच बोलली नाही. फक्त त्या बाईच्या हातून दोन दिवस तिने पाणी कमी प्यायला सुरुवात केली, उठवायला लागू नये म्हणून. ते मला बायकोने सांगितलं.

मी एक्कावन्न वर्षांचा होतो, वजन सहासष्ट. तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांनी थोडे थोडे झडत जातात, साठीनंतर जास्त वेगाने, हे तेव्हा वाचलं. आणखी एक वाचलं ते जास्त कामाचं. जमिनीवर हात टेकून अंग उचलतो तेव्हा आपल्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. सहासष्टचे दोन तृतीयांश चव्वेचाळीस. म्हणजे एक जोर म्हणजे आईपेक्षा दोन किलो जास्त. मला हा हिशेब फार आवडला.

आईला व्यायाम द्यायला कल्याणहून एक मुलगी येत असे, फिजिओवाली. तिला मी तो सांगितला तर ती हसली. "काका, उचलायचं मांड्यांनी आणि पाठीनं. जोराने ढकलायची ताकद येते, ओढायची नाही." बरोबर होतं तिचं. तरीपण वळवणं, सरकवणं, वाकलेलं अंग एका हातावर पेलून धरणं ही ढकलायचीच कामं आहेत, हेही तिने मान्य केलं. आणि म्हणाली, एकदम भुईवर जाऊ नका.

म्हणून मी भिंतीपासून सुरुवात केली. भिंतीला तळवे, पाय हातभर मागे, दहा वेळा. ते हलकं वाटायला लागल्यावर स्वयंपाकाच्या ओट्याची कड. मग पलंगाची. हात जितके खाली तितका भार जास्त, एवढंच त्यातलं गणित. गुडघे टेकून भुईवर केलं तर भार निम्म्याच्या आसपास येतो, तो टप्पाही मी घेतला, दार लावून. शेजारी बघतील म्हणून नव्हे, मुलगी मोबाईल घेऊन उभी राहत असे म्हणून. महिन्याभरातच हात थरथरायचे थांबले. दंडाला टेप लावला तर माप तेवढंच. याचंही कारण आहे: पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः नसांची असते, आहे त्याच स्नायूंना एकत्र कामाला लावायला मेंदू शिकतो. मांस भरतं ते मागाहून.

पण सांगायचं ते माझ्या जोरांचं नाही.

एक दिवस त्या मुलीने आईला हाताच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आजी, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवा. आता कोपर सरळ करत बूड उचला. जेवढं उचलेल तेवढं." आईने विचारलं कशाला. मुलीने समजावलं: वॉकर धरून चालताना चांगला पाय पुढे टाकायचा तर दुखऱ्या पायावर भार नको, तो तेवढा वेळ तुमच्या हातांवर येणार. हातात बळ नसेल तर सळई कितीही चांगली बसलेली असो, चालता येणार नाही.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग ये जोरच ना?"

"हो आजी, जोरच."

"बापयाचं काम मना सांगतस?" असं म्हणाली खरी, पण तळवे ठेवले. कोपर कापले. बूड एक बोटभर सुटलं असेल, नसेल. दुसऱ्यांदा त्याहून कमी. तिसऱ्याला जमलं नाही. मुलगी म्हणाली, छान, रोज तीनदा करायचं, हळूहळू दहापर्यंत जाऊ. ती गेल्यावर आईने मला हाक मारली. "तुझा काकूस कसा वाढवाचा रं?"

तिला माहीत होतं! तालमीच्या उंबऱ्याच्या आत ती कधी आली नव्हती, पण चुलीपाशी बसून तिने काकांचं ओरडणं वर्षानुवर्षं ऐकलं होतं. पुनवेला एक, अवसेला एक. ती आषाढी पुनव होती. दोनावर सुरू झालं. बायकोने मसाल्याच्या डब्याशेजारच्या बरणीतून चिंचोके काढून वाटीत दिले. सकाळी चहाआधी मी भुईवर आणि आई खुर्चीत, वाटी दोघांच्या मध्ये.

दिव्यांच्या अवसेला तीन झाले. नारळी पुनवेला चार. त्या दिवशी खाडीवर नारळ द्यायला तिला जाता आलं नाही म्हणून ती नाराज होती, तरी चार पुरे केले. गणपतीत पाहुणे आले, एक दिवस चुकला. दुसऱ्या दिवशी तिने मला जादा मारू दिले नाहीत, स्वतःही मारले नाहीत. चुकला तो चुकला. भाद्रपदाच्या मध्यावर सहा होते आणि बूड आता चार बोटं सुटत होतं. तिच्या दंडावरची कातडी लोंबलेलीच राहिली, पण कोपर सरळ झाला की आत काहीतरी गोळा झालेलं दिसे. बायको म्हणाली, तुमचं दिसत नाही, त्यांचं दिसतं.

मधे मुलीने मोबाईलवर एक बातमी दाखवली नाही असं होणं शक्यच नव्हतं. अशा बातम्या अजून येतात. २०१९ साली अमेरिकेतल्या अग्निशमन दलाच्या हजारावर जवानांचा अभ्यास छापून आला: चाळीसच्या वर पुश-अप मारणाऱ्यांना पुढच्या दहा वर्षांत हृदयाचा त्रास फारच कमी झाला, दहाच्या आत थांबणाऱ्यांच्या तुलनेत. मी बत्तीसवर होतो, म्हणून मला ती बातमी नीटशी पटली नाही. आणि ते सगळे कामावरचे पुरुष. एकोणऐंशी वर्षांच्या बाईने खुर्चीत नऊ मारले तर काय होतं, ते कुणी मोजत नाही.

काय होतं ते मी सांगतो. कोजागरीच्या सुमारास ती आधाराशिवाय खुर्चीतून वॉकरवर आली. आठ दिवसांनी रात्री तीन वाजता मला न उठवता मोरीपर्यंत जाऊन आली. सकाळी कळलं तेव्हा मी ओरडलो. ती म्हणाली, "तू निजलेलास." त्या दिवसापासून ती पोटभर पाणी प्यायला लागली. कामाच्या बाईला आम्ही दिवाळीची साडी देऊन मोकळं केलं.

लक्ष्मीपूजनाच्या अवसेला नऊ झाले. संध्याकाळी पणत्या लावायला ती वॉकर टेकत ओटीवर आली. मी मागे हात पसरून चालत होतो, तर म्हणाली, "हात लावू नको, मना लाज वाटते." ओटीवर बसून तिने समोरच्या बिल्डिंगीकडे बघितलं. तळमजल्यावर काचेची जिम झाली होती, आत ट्यूबलाइटच्या उजेडात पोरं आरशासमोर वजनं उचलत होती. आमच्या भावकीतलीच पोरं, जागेच्या पैशावर बांधलेल्या घरांतली. मला त्यांचा राग नाही. दारूच्या गुत्त्यावर बसण्यापेक्षा बरं. आईने मात्र बराच वेळ बघून विचारलं, "यांना आरसा कशाला लागतो?" मला उत्तर सुचलं नाही.

शेजारची मावशी फराळाचं ताट घेऊन आली. वयाने सत्तरीची. पायरीवर बसताना आणि उठताना तिने दोनदा भिंत धरली. आईने ते पाहिलं. हात कापतात का म्हणून विचारलं, मावशी हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाडव्याला सकाळी मी भुईवर हात टेकले तर वाटी जागेवर नव्हती. ती ओटीवर होती. खुर्चीत मावशी बसली होती, आणि आई वॉकरला टेकून तिच्यावर ओरडत होती, काकांच्याच आवाजात.