उद्यमबागेतला आठ किलोचा पैलवान

बेळगावात पाहुणा आला की आपण त्याला किल्ल्यातली कमल बस्ती दाखवतो, कुंदा खाऊ घालतो, वेळ असला तर गोकाकच्या धबधब्यावर नेतो. उद्यमबागेत मात्र कुणी नेत नाही. खानापूर रोडने तिथे शिरले की फाऊंड्रीच्या जळक्या वाळूचा वास येतो, लेथची घरघर ऐकू येते. दिवसभर इथे यंत्रांचे सुटे भाग घडतात. एका शेडमध्ये मात्र संध्याकाळी सातनंतर पैलवान घडतो. वजन आठ किलो.

हा पैलवान म्हणजे झुंजीचा रोबो. १९९४ साली मार्क थॉर्प यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'रोबोट वॉर्स' भरवले आणि हा खेळ जगभर गेला. आपल्याकडे मुंबई आयआयटीच्या 'टेकफेस्ट'मुळे तो कॉलेजच्या पोरांना ठाऊक झाला. माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र याच नादाला लागलेले. शेडचे मालक अण्णा कन्नड बोलतात, पोरे मराठीत उत्तर देतात. काम अडत नाही. हात घाईने चालू लागला की अण्णांचा एकच शब्द : "निधान!"

रोबोची रचना साधी. दोन बाजूंना चाके, पुढे दात असलेला पोलादी ड्रम. तो खालून वर फिरतो आणि समोरच्याला उचलून आपटतो. ड्रमचा वेग दुप्पट केला तर माराची ताकद चौपट होते. म्हणून पोरांनी वेगच वाढवला.

डिसेंबर २०२४ मध्ये ही मंडळी पुण्याच्या एका कॉलेजातल्या स्पर्धेला निघाली. मीही सोबत होतो. रोबो डिकीत, लिथियम बॅटऱ्या वेगळ्या पेटीत. त्यांना भोक पडले तर पेट घेतात. निपाणी, कोगनोळी नाका, कोल्हापूर, सातारा. रस्ताभर पोरांच्या जिंकण्याच्याच गप्पा.

जाड पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या पिंजऱ्यात झुंज सुरू झाली. आमचा ड्रम घोंघावत गेला, पण प्रतिस्पर्ध्याला नुसता घासून परत आला. तिसऱ्या धडकेला ड्रमचा शाफ्ट मधोमध तुटला. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी तुकडा उजेडात धरला. मोडलेली बाजू सपाट, कुठेही वाकल्याची खूण नाही. शाफ्ट बाहेरून कडक करून आणला होता, पण नंतर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवला नव्हता. "गट्टी आहे, पण ताकद नाही," ते म्हणाले. नुसते कडक पोलाद काचेसारखे फुटते. थोडे नरमले तर मार सोसते.

घासण्याचे कारण भाच्याने कागदावर मांडले. ड्रम सेकंदाला १०० फेरे घेतो, रोबो २ मीटर पुढे जातो. दोन दात असतील तर एका दातानंतर दुसरा येईपर्यंत समोरचा जेमतेम १० मिलिमीटर आत येतो. एकच दात ठेवला तर २० मिलिमीटर. म्हणजे घास दुप्पट! मग एक दात काढला, तोल सांभाळायला विरुद्ध बाजूला वजन दिले, नवा शाफ्ट अण्णांनी स्वतः घडवला. तळाला स्वयंपाकघरात भाजी कापायला वापरतात तसला पांढरा प्लॅस्टिकचा पाट बसवला. तो दणका गिळतो, तडकत नाही.

अण्णांचा मुलगा बेंगळुरूला संगणकाच्या नोकरीत आहे. लेथ विकायचे त्यांनी जवळजवळ ठरवले होते. पोरांपैकी तिघांची नजरही बेंगळुरू-पुण्याकडेच आहे. भाचा मात्र हल्ली सुट्टीच्या दिवशी सकाळीच शेडवर जातो आणि रोबोचे काम नसले तरी लेथवर उभा राहतो. मागच्या आठवड्यात गिऱ्हाईक आले, भाव ठरला. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि सांगितले, "मशीन आत्ता रिकामं नाही."