गळती

गाडीत पाणी घालण्याचा मला एक छंदच जडला होता म्हणा ना! रोज सकाळी फिरून आलो, की तांब्याभर पाणी घेऊन मी अंगणात जात असे आणि तुळशीला घालावे तितक्याच भक्तिभावाने ते गाडीच्या रेडिएटरमध्ये ओतत असे. गाडी अठरा वर्षांची. म्हाताऱ्या माणसाला तासातासाला चहा लागतो, तसे हिला पाणी लागत असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

सौ.चे मत निराळे होते. "अहो, गाडीत काकवी सांडल्यासारखा गोड वास येतो. एकदा कुणाला तरी दाखवा," असे ती पावसाळ्यापासून सांगत होती. मी जमिनीकडे बोट दाखवी. जमीन कोरडी ठणठणीत! "थेंब तरी दिसतो का कुठे?" असे विचारून मी तिला गप्प करी. बायकोला गप्प करता आले म्हणजे आपले म्हणणे सिद्ध झाले, असे समजण्याचे वय खरे म्हणजे माझे केव्हाच उलटून गेले आहे. पण सवयी वयाबरोबर जात नाहीत.

2024 सालच्या धनत्रयोदशीला आम्ही दोघे पुण्याहून पाचगणीला निघालो. तिथे माझा धाकटा भाऊ राहतो. अकरा वर्षांत मी त्याच्या घरी गेलो नव्हतो. भांडण म्हणावे, तर तसे काही झालेच नव्हते. 2013 साली माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी त्याला पोस्टाने पाठवली. घरी जाऊन अक्षत दिली नाही, एवढेच. तो लग्नाला आला, आहेर केला आणि पानावर न बसता परत गेला. तेव्हापासून दर दिवाळीला मी त्याला कुरिअरने फराळाचा डबा पाठवी. तिकडून फोन येई, "दादा, चिवडा छान होता." की पुढच्या दिवाळीपर्यंत सारे शांत! या खेपेला डबा भरता भरता सौ. म्हणाली, "यंदा डबा आपणच नेऊ." माझ्यापाशी सबब नव्हती, म्हणून मी निघालो.

वाई मागे पडली आणि पसरणीचा घाट सुरू झाला. खाली धोम धरणाचे पाणी उन्हात चकाकत होते. ते मी सौ.ला दाखवत होतो. पण तिची नजर समोरच्या काट्यावर होती. "अहो, हा तांबड्या रेघेला टेकला!" ती म्हणाली. मी गाडी कडेला घेऊन बंद केली, तोच बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली.

उपाय मला पाठ होता. पाण्याची बाटली घेतली, हाताला फडके गुंडाळले आणि झाकणावर हात ठेवला. इतक्यात वरून येणारा एक भाजीचा टेम्पो करकचून थांबला. "काका, हात काढा आधी!" असे ओरडतच एक पंचविशीतला पोरगा खाली उतरला.

तो ओरडला नसता, तर हा लेख लिहिण्याइतके माझे डोळे शाबूत राहिले असते की नाही, कुणास ठाऊक! उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांना उकळते. डोंगरावर त्याच्याही आधी. रेडिएटरचे झाकण मात्र प्रेशर-कुकरसारखे पाणी दाबून ठेवते. हवेच्या दाबाइतकाच आणखी दाब दिला, तर तेच पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. पण झाकण फिरवले, की दाब सुटतो आणि उकळते पाणी उसळून तोंडावर येते. कुकरची शिटी पडण्याआधी झाकण काढू नये, हे सौ.कडून चाळीस वर्षे ऐकूनही मला गाडीच्या बाबतीत सुचले नव्हते.

"पाणी किती दिवसांपासनं घालताय?" त्याने विचारले.

"चार महिने झाले."

"आन् जातंय कुठं, ते बघितलं का कधी?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

इंजिन गार व्हायला पाऊण तास लागला. तोवर सौ.ने फराळाचा डबा उघडला आणि आम्ही तिघांनी दगडावर बसून चकल्या खाल्ल्या. मग त्याने मोबाइलच्या उजेडात बोट दाखवले. रेडिएटरची जाड रबरी नळी इंजिनाच्या ज्या तोंडावर बसते, तिथे मिठासारखी हिरवट-पांढरी खपली धरली होती. नळी आवळून धरणारी क्लिप सैल झाली होती. वर्षानुवर्षे तापून-निवून रबर कडक होते, दबते, आणि पट्टी त्याला सैल पडते. इंजिन गार असले, की दाब नसतो, म्हणून तिथून थेंबही येत नाही. तापले, की पाझरते. आणि पाझरलेले तिथल्या तिथे गरम लोखंडावर सुकून जाते. मागे राहतो तो फक्त गोड वास. अंगणात पुरावा शोधणाऱ्याला तो सापडावा कसा?

पोलादाची एक पट्टी आणि तिच्या खाचांत फिरणारा एक स्क्रू, एवढीच ती क्लिप. ब्रिटिश आरमारातल्या लम्ली रॉबिन्सन नावाच्या अधिकाऱ्याने 1921 साली तिचे पेटंट घेतले, असे मी मागाहून वाचले. त्या पोराने टेम्पोतून स्क्रू-ड्रायव्हर आणून माझ्याच हातात दिला. मी दीड फेरा आवळला. "बास, काका! जादा आवळलं तर रबर कापतं."

मग पाणी भरले, झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू केले, आतली हवा बुडबुड्यांनी निघून गेल्यावर आणखी थोडे पाणी घातले आणि झाकण लावले. पैसे त्याने घेतले नाहीत. दोन लाडू घेतले. जाताना म्हणाला, "निम्मं कूलंट भरून घ्या. नुसत्या पाण्यानं आतनं गंज धरतो. आन् उद्या गार इंजिनावर ही क्लिप पुन्यांदा बघा. रबर बसतं."

उरलेला घाट मी मुकाट्याने चढलो. काटा मध्यावर स्थिर होता. मन तेवढे ठिकाणावर नव्हते. 'जातंय कुठं, ते बघितलं का कधी?' हा प्रश्न काही केल्या मागे पडेना. दर दिवाळीचा तो डबा म्हणजे तरी काय होते? तांब्याभर पाणीच की!

भाऊ फाटकात उभा होता. अकरा वर्षांत केस पार पांढरे झाले होते. डबा हातात घेताच तो म्हणाला, "वहिनी, यंदा निम्माच?" आणि तिघेही हसलो. चहा झाल्यावर मी म्हणालो, "त्या वेळी पत्रिका घेऊन मी स्वतः यायला हवं होतं. चुकलं माझं." तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत उपाशी होतो." एवढेच. पण त्या रात्री तो माझ्या पानाला पान लावून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना आम्ही दोघांनी क्लिप पाहिली. बॅटरी त्याने धरली, स्क्रू-ड्रायव्हर मी. आणखी पाव फेरा बसला. तो पोरगा म्हणाला ते खरे होते. एकदा आवळून भागत नाही.

आता दर महिन्याला आम्ही पाचगणीला जातो. सौ. म्हणते, गाडीतला गोड वास गेला. फराळाचा डबा मात्र अजून वाटेतच निम्मा होतो.