कणीस घेऊन इंदूरला

श्रावण सरत आला की आपल्या खरिपाच्या मक्यात चीक भरतो. बांधावरून जाणारा-येणारा दोन कणसे मोडून घेतो, पोरे काटक्या गोळा करून जाळ करतात, आणि कणीस खाण्यात शिकण्यासारखे काही असेल असे आपल्या मनातही येत नाही. माझ्याही आले नव्हते. मागल्या पावसाळ्यात मी कणसांची गोणी घेऊन मावशीकडे इंदूरला गेले आणि चांगली तोंडघशी पडले. ती हकिगत तुम्हाला सांगते, कारण ज्यांच्या शेतात मका उभा आहे त्यांच्याच उपयोगाची ती आहे.

आमचे शेत शिरपूर तालुक्यात. आग्रा रोड तालुक्यातूनच जातो. धुळ्याकडून येताना सावळद्याला तापी ओलांडली की आमचे शिरपूर, पुढे पळासनेर, आणि मग सातपुड्याचा बिजासन घाट. घाटात बिजासनी देवीचे देऊळ आहे, तिथपासून मध्य प्रदेश. सेंधवा, जुलवानिया, ठिकरी अशी गावे मागे टाकत गाडी खलघाटाला नर्मदेवर येते. पूल आला की गाडीतल्या बायका हात जोडतात आणि नदीत नाणी टाकतात. तिथून विंध्याचा चढ लागतो. मानपूर गेले, महू गेले की इंदूर आलेच. महू हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव. २००३ साली त्याचे नाव डॉ. आंबेडकर नगर झाले, पण गाडीचा वाहक अजून ‘महू, महू’ म्हणूनच ओरडतो. शिरपुरापासून नर्मदा आणि दोन डोंगर ओलांडायचे, सारी वाट दोनशे किलोमीटरच्या आसपास. पण श्रावणात गेलात तर खिडकीबाहेर ठिकठिकाणी मकाच मका दिसेल.

घाटात पावसाची भुरभुर होती. रस्त्याच्या कडेला बारेला बायका प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून कणसे भाजत बसल्या होत्या. गाडी चहाला थांबली तशी मी उतरले. आपण कणीस सोलतो आणि धगधगत्या जाळावर धरतो. वरून काळे होते, आत कच्चे राहते. त्या बाईची रीत निराळी होती. वरची जाडी पाने तिने काढली, आतली दोन पातळ पाने तशीच ठेवली आणि कणीस निखाऱ्याच्या कडेला राखेत सरकवले. आतल्या ओलाव्यावर दाणा शिजला. मग पाने ओढून टाकली आणि उघडे कणीस निखाऱ्यावर दोन-चार वेळा फिरवले, तेवढ्यात त्याला डाग पडले. वर मीठ, तिखट आणि लिंबाची फोड. दाणे पांढरे होते आणि चावताना दाताला चांगला जोर देत होते. आमच्याकडचा पिवळा संकरित मका इतका खमंग लागत नाही. हे मनात आले, पण तेव्हा मी ते बोलले नाही. गाडीत माझी स्वतःची गोणी होती ना!

त्या गोणीचे काय झाले ते ऐका. आदल्या दिवशी ऐन दुपारी कणसे मोडली, खताच्या रिकाम्या प्लास्टिकच्या गोणीत दाबून भरली, तोंड शिवले. रात्रभर गोणी पडवीत होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडीच्या पोटात. मावशीने गोणी उसवून आत हात घातला आणि म्हणाली, “अगं, ही तर तापली आहेत!” खरेच आत गरम लागत होते. तिने एक कणीस सोलले, दाण्यात नख खुपसले आणि माझ्यापुढे धरले. “काल तोडलेस ना? गोडी उडाली याची. उकडून खाऊ आज. कीस करायला उद्या मी आणीन.”

मला राग आला, खोटे कशाला सांगू? पिकवणारी मी, आणि शहरातली मावशी मला शिळे-ताजे शिकवणार! पण तिचे बरोबर होते. कणीस झाडावरून तोडले तरी दाणा जिवंत असतो. तो श्वास घेतो, त्यातली साखर खर्च होते, आणि उरलेल्या साखरेचे पीठ व्हायला लागते. उष्णता जितकी जास्त, तितके हे काम लवकर होते. बंद गोणीत कणसे आपल्याच श्वासाने तापतात आणि एका रात्रीत गोडी निघून जाते. म्हणून कणसे पहाटे गारव्यात मोडावीत, पाने सोलू नयेत, विरळ विणीच्या गोणपाटात किंवा टोपलीत भरावीत आणि सावलीत ठेवावीत. बाजारात नेणार असाल तर हे आणखीच ध्यानात ठेवा, कारण गिऱ्हाईक एकदा फसते, दुसऱ्यांदा शेजारच्या ढिगाकडे जाते.

कणीस जून की कोवळे हे ओळखण्याची खूण मावशीने सांगितली ती अशी. वरचे केस तपकिरी होऊन वाळलेले, पण पाने हिरवीगार हवीत. नख लावले की दुधासारखा चीक उडाला पाहिजे. पाणी निघाले तर कणीस कोवळे, आणि कणकेसारखे लागले तर ते भाकरीच्या वाटेला गेले. बाहेर केस आल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी ही वेळ येते, आणि ती फार दिवस राहत नाही. या केसांची गंमत तुम्हाला ठाऊक आहे का? एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. तुऱ्यातला पराग ज्या केसावर पडला नाही, त्याचा दाणा भरत नाही. शेंड्याला बोडके राहिलेले कणीस पाहून आपण बियाण्याला शिव्या देतो, पण पुष्कळदा ऐन तुऱ्याच्या वेळी पाण्याचा ताण पडलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी चोइथराम मंडीतून देशी भुट्टे घेऊन आली. इंदुरात कणसाला भुट्टाच म्हणतात, मराठी घरांतसुद्धा. होळकरांच्या काळापासून इथे मराठी माणसे राहिली, त्यांनी पुरणपोळी सोडली नाही आणि माळव्याचा ‘भुट्टे का कीस’ही आपला करून घेतला. मावशीला गोड मक्याचे, म्हणजे हल्ली गाड्यावर वाफवून विकतात त्या स्वीट कॉर्नचे, नावही चालत नाही. “त्याचा कीस पाणचट होतो आणि साखर घातल्यासारखा लागतो,” असे ती म्हणते. मी पुढे दोन्ही करून पाहिले. तिचेच खरे.

आता कीस कसा करायचा ते सांगते. पाच-सहा देशी कणसे सोलून केस नीट काढा. किसणीवर कणीस उभे धरून वरून खाली किसा, हलक्या हाताने, म्हणजे चीक आणि गर खाली पडतो आणि दाण्यांची साले बरीचशी कणसालाच राहतात. जोर लावून आतल्या दांड्यापर्यंत गेलात तर किसात कूस येते. जाड बुडाच्या कढईत तीन पळ्या तूप तापवून मोहरी, जिरे, हिंग, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि आल्याचा कीस घाला. त्यावर मक्याचा कीस टाकून मंद आचेवर परता. इथे घाई करू नका. कीस आधी चिकटतो, गोळा होतो, हात दुखतो. दहा-पंधरा मिनिटांनी कच्चा वास जाऊन खमंग वास सुटतो आणि तूप कडेने दिसू लागते. मग वाटी-दीड वाटी गरम दूध थोडे थोडे घालत ढवळा, मीठ घाला, झाकण ठेवून एक वाफ काढा. मऊ उपम्याइतका सैल राहिला की उतरवा. वर लिंबू, कोथिंबीर आणि ओले खोबरे. तूप परवडत नसेल तर निम्मे तेल चालते. दूध मात्र टाळू नका, त्यानेच कीस मऊ राहतो.

रात्री आम्ही सराफ्यात गेलो. दिवसा तिथे सोन्या-चांदीची दुकाने असतात. रात्री ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात आणि उशिरापर्यंत झुंबड असते. तिथे मोठाल्या कढयांतून कीस मिळतो. मी खाल्ला. चांगला होता, पण मावशीच्या हातचा उजवा. शेतातून सकाळी मोडून तासाभरात कढईत पडलेला कीस ह्या दोन्हींपेक्षा चांगला होईल, आणि तो इंदुरात कोणालाही मिळणे कठीण. तो फक्त तुमच्या-माझ्या घरी होऊ शकतो.

आणलेल्या गोणीचे शेवटी काय केले? थोडी कणसे मिठाच्या पाण्यात उकडली. देशी किंवा संकरित कणीस असेल तर चांगला अर्धा तास लागतो, स्वीट कॉर्नला पाच-सात मिनिटे पुरतात. उरलेल्यांचे दोन-दोन बोटांचे तुकडे करून मी खानदेशी आमटी केली. कांदा-खोबरे भाजून वाटलेले, काळा मसाला आणि दाण्याचा कूट. उकडलेले तुकडे त्यात एक उकळी येईपर्यंत ठेवले. शिळ्या कणसाचे शिळेपण मसाल्यात झाकते. मावशीच्या घरी सगळ्यांनी दांडे चोखून खाल्ले, तेव्हा माझा राग गेला.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. २०१८ साली आपल्या देशात अमेरिकन लष्करी अळी आली, तेव्हापासून मक्याच्या पोंग्यात औषध मारल्यावाचून बहुतेकांचे भागत नाही. ज्या पट्ट्यातली कणसे घरी खायची किंवा हिरवी विकायची, तिथे कोणते औषध कधी मारले ते भिंतीवर लिहून ठेवा. फवारणीनंतर किती दिवस थांबायचे ते डब्यावरच्या चिठ्ठीत असते, तेवढे दिवस पोरांना त्या पट्ट्यात जाऊ देऊ नका. पोरे काही विचारून कणीस मोडत नाहीत.

परतताना गाडी घाटात पुन्हा थांबली. त्याच बाईजवळ गेले आणि पांढऱ्या मक्याचे बी मिळेल का म्हणून विचारले. तिचे घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होते. तिने नेऊन दाखवले. चुलीच्या वर आढ्याला, पाने मागे ओढून जोडीजोडीने बांधलेली कणसे ओळीने टांगली होती, धुराने काळवंडलेली. धुरामुळे किडा लागत नाही. मी पैसे काढले तर ती मान हलवून म्हणाली, “बी विकत नाही बाई आम्ही. तुमच्याकडे दादर पिकते ना? दादरीचे बी आणा, मग बघू.” तरी निघताना तिने दोन कणसे काढून हातात ठेवली.

घरी आमच्या ह्यांनी कणसे पाहिली आणि विचारले, “एवढ्याने काय होणार?” प्रश्न बरोबर होता. संकरित मक्याला मी नावे ठेवणार नाही. कोंबडीखाद्यवाले, स्टार्चवाले आणि आता इथेनॉलवाले तोच घेतात, घरचा खर्च त्यावर चालतो. पण त्याचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही, बी दर वर्षी विकतच आणावे लागते. आणि आमच्या सासूबाई ज्या पांढऱ्या मक्याच्या भाकरीची आठवण काढतात, त्याचा एक दाणाही आमच्या गावात उरलेला नाही. कोणी कधी फेकून दिला असेही नाही. एक वर्ष राखायचा राहिला, इतकेच.

राखणेही सोपे नाही. मक्याचा पराग वाऱ्याने जातो. पिवळ्याशेजारी पांढरा लावला तर त्याच वर्षी पांढऱ्या कणसात पिवळे दाणे दिसू लागतात. म्हणून निदान दोनशे मीटर लांब लावावा, नाहीतर तीन-चार आठवडे मागेपुढे पेरावा, म्हणजे तुरे एका वेळी येत नाहीत. शिवाय दोन-चार कणसांच्या बियांवर मका फार वर्षे तग धरत नाही, पिढ्यांमागून तो खुरटत जातो. पुष्कळ झाडांची कणसे मिसळून बी धरावे लागते. त्या बाईच्या आढ्याला एवढ्या ओळी का होत्या, ते मला घरी आल्यावर समजले.

यंदा विहिरीजवळच्या तुकड्यात, पिवळ्यानंतर महिन्याने, त्या दोन कणसांचे दाणे टोबले. उगवण चांगली आहे. सासूबाई रोज सकाळी काठी टेकत तिथवर जातात आणि पोरांना जवळ फिरकू देत नाहीत. यातले एकही कणीस यंदा कढईत जाणार नाही. दादरीचे पायलीभर बी मी वेगळे काढून ठेवले आहे. पोळा झाला की ते घेऊन घाटात जायचे आहे, आणि त्या बाईच्या शेजारच्या चार-पाच घरांतही विचारायचे आहे.