‘भारताला विकले’ आणि पुढे?

साउदॅम्प्टनच्या जुन्या विमानवेड्यांवर माझा जीव आहे, पण त्यांच्या वह्यांवर राग आहे. स्पिटफायर इथल्या वूल्स्टनमधले, नॅट शेजारच्या हॅम्बलच्या फॉलंड कारखान्यातले, त्यामुळे या गावात दर चौथ्या पेन्शनरकडे अशी एक वही सापडावी असे वाटते. त्यात एकेका विमानाची कुंडली असते: क्रमांक, पहिले उड्डाण, कोणती स्क्वाड्रन, कुठल्या शेतात आपटले, कोणत्या भंगारवाल्याने कधी कापले. मात्र काही ओळींच्या शेवटी एवढेच लिहिलेले असते: ‘भारताला विकले.’ पुढे काही नाही. जणू सुएझ ओलांडले की विमान हवेत विरघळते.

या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे की मला कुठेही भिगवण आठवते. इथेही आठवलेच. धावपट्टीच्या कुंपणाशी थर्मास आणि हातभर लेन्स घेऊन कुडकुडणारी ही माणसे थंडीत भिगवणजवळच्या कुंभारगावला पक्षी पाहायला पहाटे उतरणाऱ्या पुणेकरांची सख्खी भावंडे आहेत. तेच खाकी जाकीट, तीच कुजबुज, मनासारखे काही दिसले की तोच शेजाऱ्याला मारलेला कोपर. फरक एकच. उजनीच्या पाण्यावर येणारा पट्टकदंब तिबेट-मंगोलियात जन्मतो आणि हिमालय ओलांडून येतो. तिकडच्या अभ्यासकाने त्याच्या पायात कडे अडकवले असेल, तर इकडचा कोणी दुर्बिणीतून त्यावरचा क्रमांक वाचतो, कळवतो आणि तिकडची नोंद पुढे सरकते. ‘दक्षिणेला गेला’ असे लिहून तो अभ्यासक मोकळा होत नाही; त्याची खरी उत्सुकता तिथूनच सुरू होते. कदंब रोहित पक्ष्यांच्या शेजारी उतरला की चिलापी पकडणाऱ्यांच्या होड्यांजवळ, हेही त्याला हवे असते. विमानालाही कडे असतेच: कारखान्याची पाटी. ती वाचणारे मात्र आपल्याकडे कमी.

आणि वाचण्यासारखे थोडेथोडके नाही. नॅट १९५५ साली पहिल्यांदा उडाले. एका आसनाचे हे लढाऊ विमान ब्रिटिश हवाई दलाने घेतलेच नाही. त्यांनी दोन आसनांचे शिकाऊ नॅट घेतले आणि तेच पुढे १९७९पर्यंत ‘रेड ॲरोज’च्या लाल रंगात कसरती करत राहिले. म्हणून इथे नॅट म्हटले की लोकांना जत्रा आठवते. भारताने लढाऊ नॅट घेतले, बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये बांधले, आणि १९६५च्या युद्धात ते पाकिस्तानच्या सेबर विमानांना इतके नडले की ‘सेबर स्लेयर’ हे नाव पडले. बंगळुरूचा हा कारखाना म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन डिसेंबर १९४०मध्ये उभा केला तो वालचंद हिराचंद यांनी. ज्यांच्या साखर कारखान्याभोवती आमच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले, तेच वालचंदशेठ. सरकारने १९४२मध्ये त्यांचा हिस्सा विकत घेतला, तरी हॅम्बलकरांपुढे नॅटवर थोडा हक्क सांगायला मी लाजत नाही.

कॅनबेरा बॉम्बरचेही तसेच. ब्रिटिश हवाई दलाने ती जुलै २००६मध्ये निवृत्त केली. आपली मे २००७पर्यंत उडत होती. सी हॅरियर इथल्या नौदलाने २००६मध्ये सोडले. गोव्यात ते २०१६पर्यंत टिकले. ॲव्रो ७४८ कानपूरला बांधले गेले, १९६१मध्ये उडाले, त्याला एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जींच्या स्मरणार्थ ‘सुब्रोतो’ नाव मिळाले. म्हणजे या विमानांच्या आयुष्याचा उत्तरार्ध आपल्याकडे गेला, आणि तो नुसता संग्रहालयात बसून नव्हे.

न्यायाने बोलायचे तर जपण्याच्या बाबतीत इथली मंडळी आपल्या कैक कोस पुढे आहेत. गोव्याचे नौदल विमान संग्रहालय हा सन्माननीय अपवाद. बाकी ज्या विक्रांतवरून सी हॉक विमाने उडाली, ती युद्धनौका आपण २०१४मध्ये मोडीत काढली. तिच्या पोलादाचा अंश घालून बजाजने मोटारसायकल काढली. इथे मी हे सांगितले तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. मला मात्र ती कल्पना आवडते. काचेच्या पेटीपेक्षा उसाच्या फडाकडे जाणारे पोलाद बरे.

आता कामाचे. लोहगावला कॅनबेरावर फिटर असलेले मामा-काका बारामती-इंदापूरकडे अनेक घरांत आहेत, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत एखादे घड्याळ, तबकडी, टोपी असते. पुण्याच्या जुन्या बाजारातही असे काही हाती लागते. मागची पाटी पाहा. मुकुट आणि ‘एएम’ ही अक्षरे असतील तर ब्रिटिश एअर मिनिस्ट्रीचा माल. क्रमांकाची सुरुवात ‘६ए’ने असेल तर उड्डाणाचे उपकरण, ‘२२सी’ने असेल तर वैमानिकाचा पोशाख. पाटीला ब्रासो लावू नका, अक्षरे झिजतात. फोटो तिरक्या उजेडात काढा.

सर्वांत महत्त्वाचे: जुन्या तबकडीवर पिवळट-तपकिरी रंगाचे आकडे असतील तर तो रेडियमचा रंग असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणून निर्धास्त राहू नका; चमक देणारा पदार्थ झिजतो, रेडियम नाही. त्याची तीव्रता निम्मी व्हायला सुमारे सोळाशे वर्षे लागतात. काच उघडू नका, आकडे खरवडू नका, फुटलेली तबकडी पोरांच्या हाती देऊ नका, आणि झोपायच्या खोलीत मांडू नका.

वस्तूपेक्षा मामाकडे आधी जा. कॅनबेराचे इंजिन काडतूस उडवून सुरू व्हायचे, मोठा आवाज आणि काळा धूर. तिथून विषय काढा. ‘युद्धात होता का’ असे विचारलेत तर दोन वाक्यांत आटपतील. तेल कुठून गळायचे ते विचारा, मग रात्रीच्या जेवणाला थांबावे लागेल.