ऑफिस१२३

आमच्या ऑफिसात आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी. ऑफर लेटरवर सॉफ्टवेअर इंजिनिअर लिहिलंय, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच. असो.

तर, ४८ कॉम्प्युटर. सगळे वर्षानुवर्षं एका वर्कग्रुपमध्ये सुखाने नांदत होते. वर्कग्रुप म्हणजे प्रत्येक मशीन हे एक स्वतंत्र संस्थान. त्याचे यूजर त्याच्या पोटात, पासवर्डही तिथेच. कोणी नोकरी सोडली की त्याची नावं मशीन-मशीन फिरून पुसायची, म्हणजे अर्थातच कोणी पुसत नाही. शेअर फोल्डर एका साध्या विंडोजवर होतं. त्याला एका वेळी वीसच मशीन्स जोडता येतात. महिनाअखेरीला "अरे कोणीतरी बाहेर पडा रे!" अशी आरोळी ठरलेली. आणि रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर 'ऑफिस' नावाचं एक सार्वजनिक अकाउंट. पासवर्ड ऑफिस१२३. चहावाल्यालाही पाठ असावा.

मग एक दिवस सहा महिन्यांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाच्या नावाने एक कोटेशन बदललेलं सापडलं. भानगड काही नव्हती, त्याच्या खुर्चीवर आलेला नवा मुलगा त्याच्याच लॉगिनने बसत होता. पण साहेब हादरले. "म्हणजे इथे कोण काय करतं ते कळणारच नाही?" मी म्हटलं, नाही. संस्थानं खालसा करायची ठरली.

खालसा करण्याचं हत्यार अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी. विंडोज २००० बरोबर आलेली गोष्ट, म्हणजे मी शाळेत जायच्याही आधीची. एका सर्व्हरवर सगळ्यांची नावं, पासवर्ड आणि हक्क. तिथे एक टिकमार्क मारला की माणूस सगळ्या ऑफिसातून बाहेर. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढा वेळ मिळाला.

पहिला अख्खा तास 'डोमेन सापडत नाही' यात गेला. कारण फुटकळ, मशीन्स डीएनएससाठी राउटरला विचारत होती आणि राउटरला बिचाऱ्याला आमच्या नव्या सर्व्हरचा पत्ता कुठून ठाऊक असणार! मग एक मशीन अडलं, कारण बोर्डावरचा सेल संपून त्याचं घड्याळ मागे पडलं होतं. आत सोडणारी जी व्यवस्था आहे तिचं नाव कर्बेरॉस, ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा. (आपल्या यमाकडे दोन आहेत, चार-चार डोळ्यांचे.) हा कुत्रा पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असलेलं घड्याळ चालवून घेत नाही. आमच्या ऑफिसात पाच मिनिटांचा हिशेब ठेवणारा तो पहिलाच.

खरी मजा सोमवारी. अकाउंट्सच्या काकूंनी लॉगिन केलं आणि समोर कोरा करकरीत डेस्कटॉप. "गेलं का रे सगळं?" त्यांचा आवाज ऐकून माझ्याच पोटात गोळा आला. गेलं काहीच नव्हतं. विंडोज नाव वाचत नाही, नंबर वाचतं. नाव तेच असलं तरी जुन्या अकाउंटचा नंबर वेगळा, डोमेनवरच्या अकाउंटचा वेगळा. गावात एकाच नावाचे दोन पाटील असावेत आणि सातबारा पहिल्याच्या नावावर, तसं. जुन्या फोल्डरवर नव्या नंबरला हक्क दिले, फाइली परत आल्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड मात्र नाही आले, कारण त्यांची किल्ली जुन्या अकाउंटपाशीच राहते. काकूंनी शांतपणे ड्रॉवरमधून एक वही काढली. त्यात जीएसटीपासून बँकेपर्यंत सगळे पासवर्ड लिहिलेले! मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. त्या दिवशीचं काम त्या वहीवर चाललं.

संध्याकाळी साडेसहाला ऑफिस बॉय आला. (हा शब्द मला आवडत नाही, पण त्याच्या आयकार्डावर तोच आहे.) म्हणाला, "सर, ते ऑफिस१२३ चालत नाहीये."

मला माहीत होतं. रविवारी रात्री मीच ते बंद केलं होतं, वर यादीवर बरोबरची खूणही मारली होती.

"बंद केलंय रे ते."

"बरं," म्हणाला आणि कप उचलून गेला.

काकूंनी नंतर सांगितलं. सगळे गेल्यावर तो तिथे मराठी टायपिंगची प्रॅक्टिस करायचा. क्लार्कच्या परीक्षेला मिनिटाला तीस शब्द लागतात, तो बावीसवर होता. मी नवी अकाउंट्स एचआरच्या यादीवरून बनवली होती आणि हा कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, यादीत नाहीच. सहा ते नऊ मीही रोज तिथेच बसतो की. कधी विचारलं नाही.

एचआर म्हणालं, पेरोलवर नाही. साहेब म्हणाले, एकाला दिलं की सगळे मागतील. अकाउंट बनवायला दोन मिनिटं लागतात, पण आता कोणाला काय मिळतं याची नोंद राहते ना, मीच तशी सोय केलेली! शेवटी मेल लिहिली. फक्त रिसेप्शनचं मशीन, फक्त संध्याकाळी सहा ते नऊ, शेअर फोल्डर दिसणार नाही. डोमेनमध्ये हे सगळं बांधून देता येतं. उत्तर यायला बारा दिवस लागले. "तुझ्या जबाबदारीवर."

बारा दिवस तो बाहेर तासाला पैसे भरून टायपिंग करत होता, हे मला त्याच संध्याकाळी कळलं.

पहिल्या लॉगिनला नवा पासवर्ड ठेवावा लागतो. त्याने विचारलं, "काय ठेवू सर?"

"मला सांगू नकोस," म्हटलं आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे बराच वेळ की-बोर्ड वाजत होता.