पिंगुळीच्या पडवीतील मणी

मालवणला आलेली मंडळी सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, मासे खातात व परततात. आम्ही मात्र महिला मंडळाच्या भगिनींसह एस.टी.ने कुडाळ गाठले आणि जवळच्या पिंगुळीस गेलो. येथील गुढीपूर वाडीत ठाकर आदिवासी राहतात. कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी ही त्यांची पिढीजात कला. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्यात 'ठाकर आदिवासी कला आंगण' उभे केले आहे. बाहुल्यांच्या कथा रामायणातल्या. आमच्यातील एकदोघी चुळबुळल्या, हे लपवीत नाही. पण दोऱ्या खेळवणारी बोटे पाहून त्याही रमल्या.

खरी बैठक जमली ती एका घराच्या पडवीत. तेथल्या आजींच्या गळ्यात मण्यांचे सर होते. आमच्या भगिनींनी निळे-पांढरे काचमणी बरोबर नेले होते. काळे मणी घ्यावेत की नाही, यावर बाजारातच आमचा वाद झाला होता! आजींनी दोऱ्याच्या टोकाला मेण लावून ते सुईसारखे कडक केले. दोन्ही टोके एकाच मण्यातून उलटसुलट काढली की सरळ माळेऐवजी पट्टी विणली जाते, हे त्यांनी दाखवले. आमच्या एका ताईचा दोरा ढिला पडला, तशा त्या म्हणाल्या, "दोरो वडून धर गो, नायतर सगळे मणी सांडतले." तासाभरात प्रत्येकीची एक पट्टी झाली. ती स्वतः न घालता समोरचीच्या मनगटावर बांधायची, असे ठरले.

मग आजींनी नातवाची पिशवी काढली. पोराचे वैधता प्रमाणपत्र अडले होते. पडताळणीत चालीरीती, देवक, दागिने विचारतात. शिकलेल्या पोराला सगळे कुठून सांगता येणार? ज्या कलेचा सन्मान होतो, ती जपणाऱ्यांच्याच पोराला आदिवासी असल्याचा पुरावा मागावा, याचा आम्हांस संताप आला.

आम्ही कारकुनी करणारे. कागद चाळू लागलो. बाबासाहेबांच्या घटनेतील कलम ३४२ प्रमाणे १९५० साली अनुसूचित जमातींची यादी निघाली. १९७६ च्या दुरुस्तीने बऱ्याच जमातींवरील तालुका-जिल्ह्याची बंधने गेली, आणि येथूनच संशयही वाढला. मात्र २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्याच प्रकरणात स्पष्ट केले की, चालीरीतींची परीक्षा ही एकमेव कसोटी नव्हे. घटनेपूर्वीच्या जुन्या नोंदींना मोठे वजन आहे.

पिशवीत पणजोबांच्या शाळेचा दाखला नव्हता. शाळेचे नाव आजींना ठाऊक होते. अर्ज आम्ही पडवीतच लिहिला. आजींनी अंगठा उमटवला, तेव्हा त्यांच्या मनगटावर आमच्या ताईने बांधलेली निळी पट्टी होती. उत्तर आले की पुन्हा जाणार आहोत. पांढरे मणी जास्त आणा, असा निरोप आहे.